बरेच महिने उभ्या राहिलेल्या टर्बो गाडीचा दम कुठे जातो?

वर्षभर उभी असलेली गाडी नव्या बॅटरीवर चालू होते, इंजिनाचा आवाजही ठीक वाटतो, पण रस्त्यावर आणली की ओढत नाही. पूर्वी दोन हजार आरपीएमच्या आसपास जो जोर पाठीला जाणवायचा तो येतच नाही. सपाट रस्त्यावर ती कशीबशी ऐंशीपर्यंत जाते आणि घाट लागला की दुसऱ्या गिअरच्या वर जाता येत नाही. गॅरेजमध्ये नेलं की बहुतेक वेळा एकच निदान ऐकायला मिळतं: टर्बो गेला.

या निदानावर लगेच पैसे खर्च करू नका. गाडी उभी केली त्या दिवशी टर्बो धडधाकट असेल, तर नुसतं उभं राहून त्याचा दांडा किंवा पाती सहसा खराब होत नाहीत. खराब होतं ते त्याच्या अवतीभवतीचं. नळ्या उंदीर कुरतडतात, ॲक्च्युएटरची दांडी गंजून अडकते, डिझेलमध्ये पाणी जमतं, वायरिंगच्या जोडांवर हिरवट गंज चढतो, ब्रेक चिकटतात. नव्या टर्बोच्या किमतीपुढे यातली बहुतेक दुरुस्ती किरकोळ असते. आपल्याकडे मुलांकडे परदेशी गेलेल्यांच्या गाड्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आणि मुंबईकरांच्या गाड्या कोकणातल्या घराशेजारी ताडपत्रीखाली महिनोन्‌महिने उभ्या असतात. त्यांच्यावरून एक अख्खा पावसाळा गेलेला असेल, तर यातल्या दोन-तीन गोष्टी एकदमच झालेल्या असू शकतात. म्हणून एक दोष सापडला की तपास थांबवू नये.

बोलणं नेमकं व्हावं म्हणून १.३ लिटर मल्टिजेट डिझेल डोळ्यांसमोर ठेवतो. फियाटचं हे १२४८ सीसीचं इंजिन २००७ मध्ये मारुतीच्या स्विफ्टमध्ये आलं, पुढे डिझायर, रिट्झ, अर्टिगा, टाटाची व्हिस्टा, फियाटची पुंतो अशा कितीतरी गाड्यांत बसलं. पुण्याजवळच्या रांजणगावातही ते तयार व्हायचं. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ लागू झालं तेव्हा मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या, पण हे इंजिन आजही गल्लोगल्ली आहे. त्याचे दोन अवतार आहेत. ७५ पीएसच्या इंजिनात साधा टर्बो असतो. दाब जास्त झाला की वेस्टगेट नावाची झडप उघडून जादा धूर टर्बोला वळसा घालून सोडून देते. ९० पीएसच्या इंजिनात व्हीजीटी, म्हणजे टर्बाइनभोवतीची छोटी पाती कमी-जास्त तिरपी करून दाब सांभाळणारा टर्बो असतो. आपल्या गाडीत यातला कोणता आहे हे आधी माहीत करून घ्या, कारण दोघांची अडकण्याची जागा वेगळी आहे.

गाडी अजून चालू केली नसेल तर

एअर फिल्टरचा डबा उघडल्याशिवाय सेल्फ मारू नका. डब्यात उंदराचं घरटं, कापूस, चिंध्या, सुकी पानं मिळणं ही नेहमीची गोष्ट आहे. फिल्टर फाटलेला असेल तर हा कचरा थेट टर्बोच्या पात्यांवर जातो आणि तेव्हा मात्र टर्बो खरोखरच जातो. सायलेन्सरच्या तोंडातही टॉर्च मारून बघा. कुंभारमाशी बारीक नळ्यांच्या तोंडाशी मातीचं घर करते, त्यामुळे उघड्या राहिलेल्या व्हॅक्यूमच्या नळ्या आणि ब्रीदरही तपासा.

मग ऑइल. टर्बोचा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेऱ्यांपर्यंत फिरतो आणि तो तेलाच्या पातळ थरावर तोललेला असतो. वर्षभरात ते तेल खाली ओघळून गेलेलं असतं आणि इंजिनाच्या तळाशी साचलेल्या जुन्या तेलात ओलावा आणि आम्लं जमलेली असतात. त्यामुळे किलोमीटर झालेले नसले तरी ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलूनच गाडी सुरू करावी. शक्य असेल तर इंधनाचा किंवा इंजेक्टरचा फ्यूज काढून इंजिन पेट न घेता दोन-तीनदा, प्रत्येक वेळी चार-पाच सेकंद, फिरवून घ्यावं, म्हणजे टर्बोपर्यंत तेल पोचतं. कोणता फ्यूज कशाचा, हे गाडीच्या पुस्तकात असतं. माहीत नसेल तर हे काम मेकॅनिकला सांगा. सुरू झाल्यावर दोन-तीन मिनिटं रेस न देता तशीच ठेवा. पहिल्याच मिनिटाला ‘मोकळी करायला’ म्हणून जोरात रेस देण्याची पद्धत टर्बोच्या बेअरिंगच्या मुळावर येते.

दोष इंजिनात आहे की चाकांत?

बोनेट उघडण्याआधी ही शंका फेडून घ्यावी. हँडब्रेक ओढून गाडी पावसाळाभर उभी असेल तर मागच्या ब्रेकचे शू ड्रमला चिकटलेले असू शकतात, पुढच्या कॅलिपरचे पिस्टन आणि पिना गंजलेल्या असू शकतात. इंजिन पुरेसा जोर देतं, पण तो ब्रेकशी झगडण्यात जातो आणि चालवणाऱ्याला वाटतं पिकअप गेला. रिकाम्या सपाट रस्त्यावर चाळीसच्या वेगात गाडी न्यूट्रल करा. ती सहज घरंगळत न जाता लवकर थांबत असेल, तर कारण चाकांत आहे. पाच-सात किलोमीटर, शक्य तितका कमी ब्रेक वापरून चालवल्यावर चारही चाकांजवळ हात न लावता तळवा धरा. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा उघडच तापलेलं असेल तर तिथला ब्रेक सुटत नाही. टायरची हवाही आधी पूर्ववत करून घ्या.

क्लचचं निदान सोपं आहे. चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर आरपीएमचा काटा भराभर चढतो आणि वेग तसाच राहतो, तर क्लच घसरतोय. आरपीएमही चढत नसतील तर मात्र इंजिनाकडे वळावं.

बॅटरीबद्दल एवढंच, की रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना १४ च्या आसपास दिसायला हवं. व्होल्टेज कमी पडलं की इंजिनाचा संगणक नसलेले दोष नोंदवत सुटतो आणि पुढचा सगळा तपास भरकटतो.

धूर बघा

मागे बसवलेल्या माणसाला किंवा मागून येणाऱ्या गाडीतल्या मित्राला धुराकडे लक्ष ठेवायला सांगा. ॲक्सिलरेटर दाबल्यावर दाट काळा धूर आणि सोबत बोनेटखालून ‘सूऽऽ’ असा आवाज येत असेल, तर हवा कुठेतरी गळते आहे. हवा मोजणारा सेन्सर टर्बोच्या आधी बसवलेला असतो. तो मोजतो तेवढी हवा इंजिनात पोचते असं समजून डिझेल सोडलं जातं, प्रत्यक्षात अर्धी हवा फाटलेल्या नळीतून बाहेर गेलेली असते आणि न जळलेलं डिझेल काजळी होऊन बाहेर पडतं. आवाज नाही पण काळा धूर आहे आणि कमी आरपीएमला गाडी जास्तच मंद आहे, तर ईजीआर, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह, उघडा अडकलेला असण्याची शक्यता मोठी. जुनी काजळी आणि दमट हवा यांचा तिथे घट्ट थर बसतो.

धूर अजिबात नाही, आवाज नाही, इंजिन सुरळीत आहे आणि तरीही ठरावीक वेगापुढे ते ढिम्म हलत नाही, हे चित्र वेगळं. त्यात एक तर इंधन कमी पोचतंय, किंवा हवेचा सेन्सर कमी आकडा देतोय, किंवा संगणकाने स्वतःहून इंजिनाची ताकद रोखून धरली आहे. याला लिंप मोड म्हणतात. आरपीएम तीन हजारांच्या आसपास अडतात आणि डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा बहुधा लागलेला असतो.

निळसर धूर येत असेल तर ऑइल जळतंय. ही एकच खूण अशी आहे की जिने टर्बोचा संशय लगेच वाढवावा.

हवेची वाट

एअर फिल्टरपासून टर्बो, तिथून इंटरकूलर आणि इंटरकूलरपासून इंजिन असा हवेचा रस्ता हाताने चाचपून काढा. नळीची वरची बाजू चांगली दिसते, उंदीर दात मारतात ते खालून, जिथे ते बसू शकतात तिथे. इंटरकूलरच्या खालच्या नळीसाठी गाडी लिफ्टवर घ्यावी लागते आणि नेमकी तीच तपासायची राहते. जोडाजवळ ऑइलचा ओघळ आणि त्यावर चिकटलेली धूळ दिसली की गळती तिथेच आहे असं समजा. नळीच्या आत ऑइलचा पातळ थर असणं मात्र स्वाभाविक आहे, तो बघून घाबरू नका. इंटरकूलरमधून वाटीभर ऑइल निघालं तर गोष्ट वेगळी.

डोळ्यांनी काही सापडलं नाही तर धुराच्या मशीनने चाचणी करून मागा. नळ्यांत हलक्या दाबाने धूर सोडला की बारीकशी चीरही दिसते. मशीन नसेल तिथे अर्ध्या बारच्या आसपास हवा भरून जोडांवर साबणाचं पाणी मारणारे मेकॅनिक आहेत, तेही चालतं. फक्त गॅरेजच्या कॉम्प्रेसरचा पूर्ण दाब सोडू देऊ नका, नाहीतर चांगले सीलही फुटतील.

आता ॲक्च्युएटर. लांब उभ्या राहिलेल्या गाडीत मी सर्वात जास्त वेळ इथे घालवीन, कारण टर्बो गेला म्हणून बदलला जातो तेव्हा खरा दोष पुष्कळदा या हातभर लांबीच्या टापूत असतो. व्हॅक्यूमवर चालणाऱ्या व्हीजीटीत इंजिन सुरू करताच ॲक्च्युएटरची दांडी ओढली जाते आणि बंद केल्यावर सैल होते. एकाने चावी फिरवायची, दुसऱ्याने टॉर्च धरून बघायचं. दांडी हललीच नाही तर आधी नळ्या बघा. व्हॅक्यूमच्या नळ्या बोरूएवढ्या बारीक असतात, दहा-बारा वर्षांत कडक होऊन तडकतात आणि नव्या नळ्यांना फारच थोडे पैसे लागतात. त्यांच्या मधे बसलेला सोलेनॉइड व्हॉल्व्हही ओलाव्याने अडकतो. नळ्या आणि व्हॉल्व्ह बरे असतील तर हाताने चालवायच्या छोट्या व्हॅक्यूम पंपाने ॲक्च्युएटर थेट ओढून बघावा. दांडी अडखळत न येता सलग आली पाहिजे आणि पंप थांबवल्यावर व्हॅक्यूम टिकला पाहिजे. व्हॅक्यूम टिकत नसेल तर आतला पडदा फाटलेला आहे. व्हॅक्यूम टिकतो पण दांडी हलत नाही, तर टर्बोच्या आतली पाती काजळी आणि गंजाने जाम झालेली आहेत.

७५ पीएसच्या साध्या टर्बोत हीच तपासणी उलटी आहे. तिथे ॲक्च्युएटर दाबावर चालतो, त्यामुळे आयडलिंगला दांडी हलत नाही आणि ती हलायलाही नको. हातपंपाने मोजका दाब दिला की दांडी पुढे यावी, सोडला की मागे जावी. वेस्टगेट उघडी अडकली तर दाब तयारच होत नाही. बंद अडकली तर दाब हाताबाहेर जातो आणि संगणक ताकद कापतो. खिळीवर गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवावं आणि दांडी हळूहळू मागे-पुढे करत मोकळी करावी. दांडीचा नट किंवा मर्यादेचा स्क्रू मात्र कुणालाही फिरवू देऊ नका. कारखान्यात मोजून बसवलेली ती जागा एकदा हलली की टर्बोचा दाब कायमचा बिघडतो.

व्हीजीटीच्या पात्यांची एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. चावी बंद करून पुन्हा चालू केली की काही किलोमीटर गाडी पूर्वीसारखी ओढते आणि एखाद्या ओव्हरटेकच्या वेळी पुन्हा मरते. पाती अडकतात, दाब मर्यादेपलीकडे जातो, संगणक ताकद कापतो, चावी बंद केल्यावर ती मनाई उठते. अशी गाडी ‘चालतेय की’ म्हणून वापरत राहू नका, कारण ती नेमकी गरजेच्या क्षणी साथ सोडते. टर्बो उतरवून पाती साफ करणारे कारागीर मोठ्या शहरांत मिळतात. नवा टर्बो घेण्याआधी त्यांच्याकडे जा.

डिझेल

अर्धी रिकामी टाकी पावसाळ्यात उभी राहिली की टाकीच्या आतल्या बाजूला दव धरतं आणि पाणी तळाशी उतरतं. पाणी आणि डिझेलच्या सीमेवर जंतू वाढतात आणि काळपट, बुळबुळीत साका तयार होतो. आयडलिंगला थोडंच डिझेल लागतं, तेवढं तुंबलेल्या फिल्टरमधूनही मिळतं. जोर लावला की पुरवठा कमी पडतो. म्हणूनच अशी गाडी जागेवर उत्तम आणि चढावर निकामी असते.

डिझेल फिल्टरच्या तळाचा निचऱ्याचा स्क्रू सैल करून निघेल ते पारदर्शक बाटलीत घ्या आणि अर्धा तास ठेवा. पाणी खाली वेगळं दिसेल. नुसतं थोडं पाणी असेल तर फिल्टर बदलून आणि टाकी ताज्या डिझेलने भरून भागतं. काळा साका दिसला तर टाकी उतरवून धुतल्याशिवाय नवा फिल्टर लावणं व्यर्थ आहे, तो आठवडाभरातही तुंबू शकतो. एक ताकीद: कॉमन रेलच्या उच्च दाबाच्या नळ्यांचे नट इंजिन चालू असताना कधीही सैल करू नका. या इंजिनात दाब १६०० बारपर्यंत जातो आणि तिथून सुटलेली डिझेलची धार कातडी भेदून आत जाते.

स्कॅनरवर काय वाचायचं

२०१३ नंतरच्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली ओबीडीचं सॉकेट असतं आणि मोबाइलला जोडणारा साधा स्कॅनर त्यात बसतो. आधी सगळे कोड लिहून घ्या, मग पुसा, मग गाडी वीस-तीस किलोमीटर चालवा. बॅटरी उतरल्यामुळे नोंदले गेलेले जुने कोड परत येत नाहीत. जो परत येतो तो खरा. ‘पी ०२९९’ म्हणजे दाब कमी पडतोय, ‘पी ०२३४’ म्हणजे जास्त होतोय, ‘पी ०१०१’ हवेच्या सेन्सरचा, ‘पी ००८७’ इंधनाचा दाब कमी असल्याचा. यातल्या एकाचाही अर्थ ‘टर्बो बदला’ असा होत नाही. त्यातून फक्त काय घडतंय ते कळतं, कशामुळे ते कळत नाही.

आकडे जास्त बोलके असतात. चावी चालू, इंजिन बंद अशा स्थितीत इनटेकच्या दाबाचा आकडा बघा. तो आपल्या गावच्या हवेच्या दाबाएवढा असायला हवा: रत्नागिरीला साधारण १०० किलोपास्कल, पुण्यात ९५ च्या आसपास, महाबळेश्वरला ८६-८७. इंजिन बंद असताना पुण्यात ११५ दिसत असेल तर सेन्सर किंवा त्याचं वायरिंग खोटं बोलतंय आणि पुढचं काहीच खरं धरता येणार नाही. आकडा बरोबर असेल तर मोकळ्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून बघा. वाचायचं काम शेजारच्याने करायचं. दोन-अडीच हजार आरपीएमला तो २०० च्या आसपास किंवा वर जायला हवा. ११०-१२० वर अडकला असेल तर हवेच्या वाटेवर परत जा. दाब नीट चढतोय पण रेलमधल्या इंधनाचा प्रत्यक्ष दाब अपेक्षित दाबाच्या मागे पडतोय, तर टर्बोला हात लावण्याची गरजच नाही, डिझेल फिल्टर आणि टाकी बघा. गॅरेजवाल्याने टर्बो बदलायचा सल्ला दिला तर त्याच्याकडे हे दोन आकडे मागा, अपेक्षित आणि प्रत्यक्ष. ज्याने ते पाहिलेलेच नाहीत त्याच्या सल्ल्यावर मोठा खर्च करू नये.

टर्बोची खरी परीक्षा शेवटी. इंजिन थंड आणि बंद असताना टर्बोच्या तोंडावरची नळी काढून दांडा बोटांनी हलवून बघा. बाजूला किंचित हलतो, ते चालतं. आत-बाहेर हलायला नको, पाती कुठेही घासायला नकोत, कडा तुटलेल्या नकोत आणि चाक हलकेच फिरायला हवं. नळी काढलेली असताना इंजिन सुरू करू नका. दांड्यात मोठा खेळ आहे आणि इंटरकूलरमध्ये ऑइल साचलंय असं आढळलं तर गाडी चालवत नेऊ नका, टो करून न्या. डिझेल इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन बेफाम धावू शकतं आणि तेव्हा चावी बंद करूनही ते थांबत नाही. मॅन्युअल गाडीत असा प्रसंग आलाच तर ब्रेक घट्ट दाबून सर्वात वरचा गिअर टाकायचा आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडायचं.

टर्बो पेट्रोलवाल्यांसाठी वरचं बहुतेक सगळं लागू आहे, इंधन सोडून. पेट्रोल काही महिन्यांतच शिळं होतं, आणि आता पंपावर मिळणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये ओलावा शिरला की इथेनॉल पाण्याला धरून तळाशी वेगळं होतं. पंप तेच आधी ओढतो. उभं राहिलेलं पेट्रोल काढून टाकावं आणि स्पार्क प्लग बदलावेत. दाब चढल्यावरच इंजिन झटके देत असेल तर प्लग आणि कॉइल आधी बघा.

पुन्हा गाडी उभी करण्याची वेळ आली तर डिझेलची टाकी काठोकाठ भरून ठेवा, ऑइल बदलूनच गाडी लावा, हँडब्रेकऐवजी गिअर टाकून चाकांना ओट लावा आणि एअर फिल्टरच्या तोंडाला बारीक जाळी बांधून तशी चिठ्ठी स्टिअरिंगला चिकटवा. वॉचमनला किंवा पुतण्याला ‘आठवड्यातून पाच मिनिटं चालू कर’ असं सांगून जाण्याची आपल्याकडे रीत आहे, ती सोडा. पाच मिनिटांत इंजिन तापत नाही, ओलावा उडत नाही, काजळी मात्र जमते. त्यापेक्षा महिन्यातून एकदा वीस किलोमीटर, इंजिन पूर्ण तापेपर्यंत आणि थोडा चढ घेऊन, गाडी फिरवून आणायला सांगा. ते जमण्यासारखं नसेल तर बॅटरीची वायर काढा आणि गाडीला हात लावू नका.